तीन ओळींचा फुगा

आमच्या घरात दोन टेबलं आहेत, समोरासमोर, मधे एक माणूस आडवा होऊन जेमतेम जाईल एवढी जागा. खिडकीजवळच्या टेबलावर आई बसते, भिंतीजवळच्या टेबलावर मी. आईचं टेबल जाड लाकडाचं, एकदम घट्ट. माझं डुगडुगतं. दहा वर्षं मी त्याच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवतेय आणि दहा वर्षं ती निसटतेय. आईला मी हे कधी बोलले नाही. का बोलले नाही, तेच सांगायला बसलेय.

मी कॉमिक्स काढते. चौकटी आखते, माणसं काढते, त्यांच्या तोंडापाशी बोलण्याचा फुगा काढते आणि तो रिकामा सोडते. फुग्यात काय यायचं ते वेगळ्या कागदावर आकडे घालून लिहिते. मग पान आणि कागद दोन्ही समोरच्या टेबलावर जातात आणि आई टाक बुडवून फुगे भरते. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. आईने नकाशांच्या कचेरीत एकतीस वर्षं गावांची नावं लिहिली. नदीच्या वळणात नाव कसं वाकवायचं, दोन डोंगरांच्या फटीत सहा अक्षरं कशी बसवायची, हे तिला डोळे मिटून येतं. ती निवृत्त झाली, बाबा गेले, घर ओकंबोकं झालं, तेव्हा मीच म्हटलं, माझे फुगे तू लिही. मीच म्हटलं. त्यामुळे आता बोंब मारायलाही जागा नाही.

कारण दोन वर्षांपूर्वी मी जी मालिका सुरू केली ती दत्तक गेलेल्या एका मुलीची आहे. म्हणजे माझी. साडेपाच वर्षांची मुलगी नव्या घरी येते, दाराची बेल वाजली की पलंगाखाली शिरते, साबणाच्या वडीला हात लावायचीही परवानगी मागते, असं सगळं. रविवारच्या पुरवणीत छापून येतं आणि लोकांना भलतंच आवडतं. दुकानात बायका आईला थांबवतात, "तुम्हीच ना हो त्या आई?" आई लाजते. घरी येऊन पिशव्या ठेवते आणि दोनदा सांगते, कोण भेटलं, काय म्हणालं. मी हसते. आणि मला त्या वेळी जमिनीत गाडून घ्यावंसं वाटतं.

विचार करा. आपण दत्तक असण्याबद्दल जे काही वाटतं ते लिहायचं, आणि त्यातला प्रत्येक शब्द आईच्या हातून, आईच्या अक्षरात, आपल्या डोळ्यांदेखत उतरणार. मग काय लिहिणार तुम्ही? मीही तेच लिहिलं. गोड लिहिलं. खोटं नाही, पण निवडून निवडून लिहिलं. दोन वर्षं.

एक गोष्ट मात्र मी एकदाही काढली नव्हती. ती म्हणजे बाक.

संस्थेतून मूल आणलं की पहिले सहा महिने नुसते बघायचे असतात. जमतंय का, रुळतंय का. कागद त्यानंतर होतात. मला येऊन चार महिने झाले होते. एके दिवशी सकाळी आईने माझा दुसरा फ्रॉक, कंगवा आणि कापडी ससा, मी ज्या पिशवीतून आले होते त्याच पिशवीत भरला आणि म्हणाली, चल, बाग बघायला जाऊ. आम्ही बसने गेलो. उतरलो तेव्हा समोर निळं फाटक होतं, डावीकडून तिसरा गज नसलेलं. त्या गजाच्या जागेतून मी तीन वर्षं रस्ता बघितला होता. मी ते ओळखणार नाही असं आईला कसं वाटलं कोण जाणे. आम्ही समोरच्या बाकावर बसलो. पिशवी बाकाखाली. खूप वेळ बसलो. मला शू लागली होती, पण शहाण्या मुली मधेच काही मागत नाहीत, म्हणून मी बोलले नाही, आणि शेवटी बाकावरच झाली. आई उठली, माझा हात घट्ट धरला आणि आम्ही बसने घरी आलो. बाबांनी विचारलं, "कशी होती बाग?" आई म्हणाली, "छान होती."

बस्स. बत्तीस वर्षं आमच्या घरात ती बागेची सहल आहे. मी कधी विषय काढला नाही. मी फक्त ठरवलं, की या वेळी थोडक्यात वाचले, यापुढे चूक नाही. पानात पडेल ते खाल्लं. ताप अंगावर काढला. काही म्हणजे काही मागितलं नाही. नातेवाईक म्हणायचे, काय गुणाची पोर आहे, आणि माझं नावच शहाणी पडलं. आई अजून त्याच नावाने हाक मारते. एक चांगला माणूस माझ्यासाठी तीन वर्षं थांबला आणि कंटाळून निघून गेला. पुलापलीकडे एक खोली बघून ठेवली आहे, भरपूर उजेडाची, दाराला आतून कडी असलेली. तिथल्या मालकिणीला दोनदा हो म्हटलं आणि दोनदा फोन करून नाही म्हटलं. आईला सांगायचं कसं? सोडून जाणारी मुलगी म्हणजे परत देण्याजोगी मुलगी. माझ्या डोक्यात ते सहा महिने अजून संपलेले नाहीत. हसायचं तर हसा.

तर आता मालिकेचं पुस्तक होतंय. शेवटची बारा पानं नवी हवी होती, शुक्रवारपर्यंत. आमच्या संपादकबाई फोनवर म्हणाल्या, "वाचकांना रडव, पण शेवट गोड कर गं." मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि काय अंगात आलं कोण जाणे, बाक काढायला घेतला. बाराच्या बारा पानं. फाटक, गज, बस, बाकाखालची पिशवी. काय बोलायचं ते आधी भराभर एका कागदावर लिहून काढलं आणि त्याप्रमाणे फुगे आखले, शाईने पक्के केले. दहा दिवस मी श्वास न घेता काम केलं. मग सोमवारी तो कागद उचलून आईच्या टेबलावर ठेवायची वेळ आली आणि मला ते जमेना.

कागद खणात टाकला. नवा घेतला आणि त्यावर भराभर गोड गोड लिहिलं. बाग किती मोठी आहे. किती पक्षी आहेत. मला भूक लागली. पानं आणि तो कागद आईसमोर ठेवला आणि स्वतःला म्हटलं, झालं, सुटले.

मंगळवारी सकाळी आई मोजपट्टी घेऊन बसली. ती आधी सगळी पानं मोजते, मगच दौत उघडते.

"शहाणे," ती म्हणाली, "हा फुगा तीन ओळींचा आहे."

"बरं मग?"

"आत लिहायचंय 'किती पक्षी'. दोन शब्द."

"मोठं लिही ना जरा."

"अक्षर मोठं केलं की खेड्याचं शहर होतं," आई म्हणाली. हे ती कचेरीत असल्यापासून म्हणते. "माप एकच ठेवायचं." तिने पुढचं पान घेतलं. पट्टी लावली. मग त्याच्या पुढचं. मी ब्रश धुवत असल्याचं नाटक करत होते. ब्रश कोरडाच होता.

"चौथ्या पानावर चार ओळींची जागा, शब्द तीन. सहाव्यावर तेच. आणि हे काय गं? आठव्या पानावर पाच ओळींचा फुगा, आणि आत नुसतं 'हो'?"

"चुकून मोठा झाला असेल."

"तुझा?" आईने चष्म्यावरून बघितलं. "दोन वर्षांत तुझा एक फुगा कधी केसभर मोठा झाला नाही. तू आधी लिहितेस, मग फुगा काढतेस. हे फुगे कुठल्या तरी दुसऱ्या शब्दांसाठी काढलेत."

बत्तीस वर्षं चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही आणि पकडले गेले ते कशात, तर रिकाम्या जागेत! दुसरी कुठलीही आई असती तर तिने चित्रं बघितली असती, म्हणाली असती छान आहे. माझ्या नशिबी जागा मोजणारी आली.

"खरा कागद दे," आई म्हणाली.

"कसला खरा कागद? आई, आहे ते लिही ना. शुक्रवार तोंडावर आलाय."

"मी एवढी जागा फुकट घालवणार नाही. दे."

मी उठले. दारापर्यंत गेले, चप्पल घातली. बाहेर जिन्यात कोणीतरी सामान चढवत होतं. पुलापलीकडची खोली चालत वीस मिनिटांवर होती. पण बाहेर पडायचं तर "येते गं" म्हणून सांगायचं, असा नियम मीच स्वतःला घालून घेतलाय, आणि कुठे जातेस म्हणाली तर काय सांगणार? मी चप्पल काढली. टेबलाला पोट घासत दोन टेबलांच्या मधून आत शिरले, खण उघडला आणि कागद तिच्या हातात दिला. देताना मला स्वतःचा इतका राग आला होता की कागद जवळजवळ फेकलाच.

आईने तो वाचला. मग चित्रं पुढ्यात घेऊन पुन्हा वाचला, एकेक फुगा बघत. तिचा चेहरा बदलला नाही. कचेरीतला चेहरा. मग तिने दौत उघडली, टाक बुडवला आणि पहिल्या पानापासून लिहायला लागली.

मला वाटलं होतं रडेल, ओरडेल, निदान विचारेल. नाही. ती लिहीत होती. आणि मी समोर अडकलेली. उठावं तर तिचा हात हलेल, टेबलाला धक्का लागेल. बसावं तर टाकाची करकर कानात. आई सावकाश लिहिते. आधी उभी रेघ, मग वेलांटी, शेवटी काना. मला उलटं दिसत होतं, तरी मी प्रत्येक अक्षर ओळखत होते. 'ही बाग नाही.' त्याला पाच मिनिटं. 'हे फाटक मला माहीत आहे.' टाक पुसला, पुन्हा बुडवला. 'मला परत देऊ नकोस.' तीन ओळींचा फुगा, शब्द त्यात चपखल बसले. 'मी कमी खाईन. मी काहीच मागणार नाही.' ती नेहमीसारखी ओठ दाबून काना सरळ येतोय का ते बघत होती. सकाळची दुपार झाली. कोणी चहाचं नाव काढलं नाही.

नवव्या पानावर ती थांबली. बाकाचं पान. मुलगी, आई, खाली पिशवी. पुढच्या चौकटीत ओला बाक.

"बारा पानांत मी कुठेच बोलत नाही," आई म्हणाली.

"तू तेव्हा काही बोलली नव्हतीस."

"नव्हते." तिने टाक दौतीत ठेवला. "तुला माहीत होतं म्हणजे."

"आई, मी तिथे तीन वर्षं राहिले होते! मला माझं फाटक कळणार नाही?"

"एवढीशी होतीस. मला वाटलं, दुसऱ्या बाजूने गेलो तर नाही कळणार." ती पट्टीशी चाळा करत राहिली. "आपण पोचलो तेव्हा जेवणाची सुट्टी झाली होती. दार दोनला उघडणार होतं. म्हणून बाकावर बसलो. पावणेदोन झाले आणि तू ओली झालीस."

"म्हणून परत आणलंस? मी ओली झाले म्हणून?"

"ओल्या कपड्यात तुला आत कशी नेणार होते? संस्थेतल्या त्या बाई काय म्हणाल्या असत्या."

मी हसले. वाईट हसले. बत्तीस वर्षं मी त्या बाकावर काय काय रचलं होतं. की तिला माझी दया आली. की तिचं मन पालटलं. आणि कारण काय, तर त्या बाई काय म्हणाल्या असत्या. मग मला काहीतरी आठवलं आणि मी तडकन उठले. माझं टेबल डुगडुगलं.

"दुसरा फ्रॉक पिशवीत होता, आई."

आईने पट्टी खाली ठेवली.

"निळ्या कॉलरचा. तूच घडी घालून भरला होतास. बाकाखालीच होती पिशवी. बदलता आला असता."

"होता," आई म्हणाली.

"मग का नाही बदललास?"

"पिशवी उघडली असती तर तुला आतलं सगळं दिसलं असतं. तुझा ससा, कंगवा. तुला कळलं असतं मी तुला कशाला आणलंय." तिचा आवाज पहिल्यांदा फाटला. "तू तशी बसलेली, पाय चिकटवून, आणि मला ती पिशवी उघडवेना. तुला माहीत नाहीये, असं समजून मी ती उघडली नाही. घरी आले आणि बाबांना म्हटलं, बाग छान होती."

खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती चालू होत नव्हती. मी खुर्चीत बसले.

"पण मुळात नेलंसच का?" मी विचारलं. हा प्रश्न मी बत्तीस वर्षं रोज विचारलाय, फक्त मनात. "मी काय केलं होतं?"

"काहीच नाही," आई म्हणाली. "तेच ना. चार महिने तू काही म्हणजे काही केलं नाहीस. रडली नाहीस. हट्ट नाही, भूक नाही, पडलीस तरी आई म्हणून हाक नाही. दिलं की घ्यायचीस, नाही दिलं की बसून राहायचीस. मला वाटलं, हिला मी नकोच आहे. वाटलं, आपण उगाच एका पोरीला धरून ठेवलंय." तिने चष्मा काढला. "त्या बाकावर तू ओली झालीस आणि माझ्याकडे बघितलंस. काहीतरी हवंय असं पहिल्यांदा बघितलंस. म्हणून हात धरला."

शहाणपणामुळे मी या घरात राहिले असं धरून चालले होते. शहाणपणामुळेच त्या बाकापर्यंत पोचले होते! आणि घरी येऊन मी काय केलं, तर दुप्पट शहाणी झाले. बत्तीस वर्षं.

"मग सांगायचं नाही का, बाई!" मी ओरडले. आईवर मी कधी ओरडले नव्हते. "एकदा तरी!"

"तू तरी कुठे बोललीस?" ती पण ओरडली. भिंतीपलीकडचे शेजारी बहुतेक ऐकत असतील, ऐकू देत.

थोड्या वेळाने आईने नववं पान माझ्याकडे सरकवलं. "फुगा काढ. माझ्या तोंडाशी."

"किती ओळींचा?"

"एक पुरे."

मी तिच्या कागदी तोंडापाशी फुगा काढला आणि पान परत सरकवलं. तिने नको म्हणून हात केला. "तू लिही. माझा हात ते लिहिणार नाही."

"काय लिहू?"

"'मी हिला परत द्यायला आणलंय.'"

मी तिचा टाक घेतला आणि लिहिलं. कोंबडीचे पाय. 'परत'मधला त फुग्याच्या रेघेला जाऊन चिकटला. आईने वाकून बघितलं, नाक मुरडलं, पण खोडायला सांगितलं नाही. शाई वाळेपर्यंत आम्ही दोघी तिथेच बघत बसलो. आता नाही तर कधीच नाही, असं मला वाटलं.

"आई, मला वेगळं राहायचंय. पुलापलीकडे एक खोली आहे."

"हे पुस्तकात घालायचंय?"

"नाही. खरंच."

आईने दौतीचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं. तिचे डोळे भरले होते आणि ते पुसायचं तिने मनावर घेतलं नाही. शेवटी ती म्हणाली, "टेबल कुठलं नेतेस?"

"हेच, चालेल मला," असं अगदी ओठावर आलं होतं. मी खाली बघितलं. पुठ्ठ्याची घडी पुन्हा निसटली होती.

"तुझं," मी म्हटलं. "माझं डुगडुगतं. दहा वर्षं डुगडुगतंय."

आईने आपल्या टेबलावरून एकदा हात फिरवला आणि खालचा खण बाहेर ओढून रिकामा करायला घेतला.